दुर्बिणीचं झाकण

सोमवार, दिवे लागल्यावर

रानडुकरं भुईमूग उकरून राह्यले म्हणून जावयानं वाशीमहून अंधारात दिसणारी दुर्बीण आणून देली. एकाच डोळ्याची. गळ्यात घालाले पट्टा, दाबली का लागणारी लाल बत्ती, चार्जिंगचा वायर, पिशवी. अन् काचेवर ते काळं झाकण.

अंगणात अंधार पडल्यावर आमच्या ह्यायनं ती डोळ्याले लावली. मी इचारलं, "गाय दिसते का?"

"साफ दिसते. बसून हाये."

झाकण तसंच होतं! मले वाटलं, थट्टा करून राह्यले. गुपचूप झाकण काढलं. "अन् आता?"

"तशीच बसून हाये. कितीदा इचारशीन वं?"

ओसरीच्या उजेडात गाय उभी होती.

म्हणजे ह्यायची नजर गेली. दिवसा सवयीनं भागवतात. पण कधीपासून? रोज अंधारात एकटे राखणीले जातात, अन् वाटेवर बिनकठड्याची विहीर. मले काहून नाही सांगतलं? मी बोलीन म्हणून? बोललीच असती.

पट्टा त्यायच्या गळ्यातून काढून माह्या गळ्यात घातला. म्हटलं, "आजपासून राखण माही. उद्या डोळ्याच्या डॉक्टरकडं."

वाटलं, भांडतीन. भांडले असते तं बरं झालं असतं. खाट चाचपून बसले.

झाकण अजून माह्या डाव्या मुठीतच हाये.