खुडूक कोंबडी आणि नानांची फियाट

१ फेब्रुवारी, रविवार
सेक्रेटरी हितेंद्रने सकाळी सगळ्यांसमोर सुनावलं. बावीस तारखेला गाडी स्वतःच्या इंजिनावर गेटबाहेर जाऊन परत आली तर चाळीत राहील. नाहीतर भंगारवाला उचलेल. मी म्हटलं, तू गेटवर उभा राहा फक्त.

आमच्या ह्यांना काही नाही त्याचं. नानांची, म्हणजे ह्यांच्या वडलांची फियाट. गणपतीपासून उभी. "इंजिन गेलंय कमल, जाऊ दे भंगारात," म्हणतात. बापाची गाडी ना? लाज नाही.

वरच्या मजल्यावरचे रामदास भावजी गिरणीत फिटर होते. त्यांनी आज इंजिन उघडलं. म्हणाले, "इतकं काय वाईट नाय हां वैनी, पण उघडलंय तर साफ करू." आणि नेमकी आजच तांबडी कोंबडी खुडूक झाली. मागच्या सीटवर जाऊन बसली ती बसलीच. मग तिथेच तिच्याखाली नऊ अंडी ठेवली. एकवीस दिवस – म्हणजे बावीसलाच!

५ फेब्रुवारी
माझं शिकाऊ लायसन आलं. फोटोत चोरासारखी दिसते. शेजारची दर्शना म्हणते, चौथी पास बाई गाडी हाकणार. हाकणार. मोटर शाळेतला मास्तर म्हणतो, "काकी, क्लच हळू सोडा, पाटा-वरवंटा नाय तो."

११ फेब्रुवारी
भावजींनी इंजिनाचे आठ व्हॉल्व्ह रॉकेलात धुवून पेपरवर मांडले होते. आज बसवायला घेतले तर सातच. तीन तास शोधाशोध. भंगारवाल्याला शिव्या. "वैनी, सातावर गाडी नाय चालायची."

मग आठवलं. बाजूच्या टॉवरचं खोदकाम दिवसभर धाडधाड चालतं. आई सांगायची, गडगडाटाने अंडी नासतात, खाली लोखंड ठेवावं. मीच उचलून ठेवलं होतं! हात घातला, कोंबडीने मनगट फोडलं. व्हॉल्व्ह काढला, त्याजागी पान्हा सरकवला.

१२ फेब्रुवारी
भावजी पान्हा शोधतायत. मी चहा टाकला.

१७ फेब्रुवारी
इंजिन लागलं! आवाजाने आमची बकरी ढवळी दोर तोडून पळाली ती दर्शनाची तुळस खाऊन आली. भांडण झालं. मी भांडतानाही हसत होते.

भावजींना गाडी येत नाही. हे म्हणतात, मी हात लावणार नाही. वीस वर्षं हीच गाडी चालवली आणि आता नखरे. मग मीच चालवते म्हटलं. शिकाऊच्या बाजूला लायसनवाला लागतो, तेवढं बसायला कसेबसे तयार झाले.

२२ फेब्रुवारी, रविवार
अख्खी चाळ गॅलरीत. मी स्टिअरिंगवर, हे डावीकडे, मागे कोंबडी. तिच्याखाली सकाळपासून चिवचिव. दोनदा बंद पाडली. तिसऱ्यांदा धरली. मी खाली क्लचकडे बघत होते, ह्यांना विचारलं, समोर काय? "मोकळं आहे, सोड." सोडली. मान वर करते तर गेटच्या मधोमध ढवळी. पांढरीफटक, भर उन्हात! ब्रेकवर उभीच राहिले. हितेंद्र पाण्याच्या टाकीवर चढला. मी सगळ्यांदेखत ह्यांना विचारलं, डोळे काय घरी ठेवलेत? चाळ खदखदा हसली. हे पण हसले.

भावजींनी बकरी ओढली. मी बाहेर गेले, नाक्याला वळसा मारला, परत आले. हॉर्न वाजवत. गाडी राहिली. सात पिल्लं. घसा बसलाय, झोप कसली येतेय.

२३ फेब्रुवारी
ह्यांचा चहा तसाच राहिला. म्हणाले, "बकरी मला दिसलीच नाही, कमल. गणपतीपासून डोळ्यांसमोर मधोमध नुसता धूर दिसतो. इंजिन गेलं नव्हतं. कोणाला तरी चिरडेन, म्हणून उभी करून ठेवली."

दहा वाजता डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतेय. टॅक्सीने – माझं पक्कं लायसन येईपर्यंत.