केळूताईचा आवाज

राजपुरा, बुऱ्हाणपूर
मंगळवार

प्रिय हिमानी,

दोन महिने झाले, तुझा मला फोन नाही. बाबांना करतेस, ते ठाऊक आहे मला. ते गच्चीवर जाऊन बोलतात आणि खाली येऊन ‘राँग नंबर होता’ म्हणतात. राँग नंबरशी कोणी पंधरा मिनिटं बोलतं का? असो. राग तू माझ्याकडूनच घेतलास, तक्रार कोणाकडे करू?

तू केलेलं आपल्या केळूताईचं रिमिक्स पाहिलं. दिवाळीत तुझ्या तोंडावर ‘सर्कस केलीस’ म्हणाले, ते चुकलंच माझं. नंतर एकटीने सात-आठ वेळा पाहिलं. बाबांच्या मरून रंगाच्या मोज्याला बटणांचे डोळे शिवून मी जे केळफूल केलं होतं, ते आता मोबाइलवर कंबर लचकवत नाचतं. शेजारची चार वर्षांची पूर्णिमा ते लावल्याशिवाय घास गिळत नाही. छान केलंयस गं, मनापासून सांगते.

एक गोष्ट मात्र लागली. तू नावं काढून टाकलीस. निरंजनभाऊंच्या केबलच्या दुकानावरची ती खोली आठवते ना, जिथून रविवारी सकाळी दहाला आपला कार्यक्रम लागायचा? आठवडाभर त्यांच्याकडचा कामगार दगा वायर दुरुस्त करायला घरोघरी फिरायचा, तेव्हा पोरांच्या आया त्याच्याजवळ चिठ्ठ्या द्यायच्या. आमचा समाधान दूध पीत नाही, आमची छाया अंगठा चोखते. मग मी हातात मोजा चढवून टीव्हीतून रागवायचे, “क्यूं रे समाधान, दूध पिलं का नाही? मला इथून सब दिसतं हां!” राजपुऱ्यातली पोरं केस विंचरून टीव्हीसमोर बसायची, का तर केळूताई बघते. समाधानला आता दोन मुलं आहेत, तरी बाजारात भेटला की आधी “ताई, दूध पिलं” म्हणतो. तुझी केळूताई ‘हाय फ्रेंड्स’ म्हणते आणि नाचायला लागते. तुझंही खरं आहे, मोबाइलवर लाखभर पोरं बघणार, नावं कोणाकोणाची घेणार?

पण तुझं नाव मी तेव्हाही कधी घेतलं नाही. लोक म्हणतील, केबलवर स्वतःच्याच मुलीचं कौतुक चालवलंय. सहा वर्षांची तू, वेड्यावाकड्या अक्षरात लिहून दगाच्या पिशवीत टाकायचीस, ‘हिमानीला पण रागव’. दर आठवड्याला. ती चिठ्ठी मी बाजूला ठेवायचे. घरी आले की तू विचारायचीस, माझी चिठ्ठी आली नाही का, आणि मी सरळ नाही म्हणायचे. त्या खोटेपणाची आज फार लाज वाटते. सगळ्या गावाच्या पोरांना पुरले आणि घरातलीला नाही.

दिवाळीत तू म्हणालीस, जुन्या कॅसेटींना बुरशी लागलीय, नवे भाग माझ्याच आवाजात करायचेत. मी नाही म्हटलं आणि तू भाऊबीजेच्या आधीच बॅग भरलीस. तुला वाटलं, म्हातारीला भाव खायचाय, नवं काही बघवत नाही. मी तुला तसं वाटू दिलं. खरं म्हणजे त्याच्या कितीतरी आधीपासून केळूताईचा तो बारीक आवाज लागतच नव्हता. ज्या बाईच्या तोंडाचा पट्टा जन्मभर थांबला नाही, तिने हे कबूल कसं करायचं? तू गेल्यावर दार लावून पुन्हा प्रयत्न केला. खिडकीतून पूर्णिमा ओरडली, “दादी, अंदर कौन अंकल है?” आधी हसले. मग मोजा ट्रंकेत टाकला आणि तिथेच बसून रडले.

आता मुद्द्याचं. घसा बसलाय म्हणून काढे पीत राहिले, शेवटी मागच्या आठवड्यात इंदूरला दाखवलं. गाठ आहे. येत्या सोमवारी ऑपरेशन करून स्वरयंत्र काढणार. जीव वाचेल म्हणतात, आवाज नाही. तुला काही सांगायचं नाही अशी बाबांना मीच शपथ घातली होती, त्यांच्यावर चिडू नकोस. शेजारचा श्रीकांत उद्या तिकडे पुण्याला येतोय, त्याच्याच हाती हे पत्र देतेय. केळूताईसाठी एखादी नव्या गळ्याची पोरगी शोध, माझी काही हरकत नाही. पण तू शनिवारी ये, आणि तुझं ते रेकॉर्डिंगचं सामान तिकडेच ठेवून ये. मला दोन दिवस फक्त तुझ्याशी बोलायचंय. डॉक्टर म्हणाले, बोलाल तितका घसा आणखी बसेल, म्हणून कालपासून मी तोंड उघडलेलं नाही. चहात साखर कमी पडली तरी बाबांना पाटीवर लिहून दाखवते. आपल्या दोन दिवसांना आवाज नक्की पुरेल.

तुझीच,
आई