बाबांनी मान हलवली नाही

रविवार, ९ नोव्हेंबर, दुपार

ताई,

वर आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं, मग खोडलं. अकरा वर्षं गप्प बसलेल्या भावाने एकदम पाया पडायला वाकलं तर कुणालाही संशयच येईल. तुमच्या घरी आता पत्राची सुरुवात कशी करतात तेही मला माहीत नाही. म्हणून नुसतं ताई. तू, भाऊजी आणि लेक बरे असाल असं धरून चालतो. 'भाऊजी' हा शब्द मी आज पहिल्यांदा लिहिला. हात काही झडला नाही.

मी ठीक. साखर वाढली आहे, केस गेले आहेत, खोली तीच. खिडकीसमोर कुणी तीन मजली वाहनतळ बांधला, त्यामुळे भर बारा वाजता दिवा लावावा लागतो. नोकरीही तीच, कान तपासायची. माणसाला आवाजबंद बूथमध्ये बसवायचं, हेडफोन घालायचा, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, आवाज आला की दाबा. मी काचेच्या बाहेर. दिवसाला चौदा-पंधरा जण, अशी तीस वर्षं.

मागच्या वर्षी एका सकाळी मीच त्या बूथमध्ये जाऊन बसलो आणि तासभर बाहेर आलो नाही. आमच्या डॉक्टरीणबाईंना वाटलं डोळा लागला. डोळा लागला नव्हता. उठून कशासाठी बाहेर यायचं तेच सुचत नव्हतं. हे बरेच दिवस चाललं आहे. दात घासता घासता थांबतो, बूट घालताना एक पायात घालून बसून राहतो. रडू वगैरे येत नाही. रडू आलं असतं तर निदान काही चाललंय असं वाटलं असतं.

आता मुद्द्याचं. मी मुसलमान व्हायचा विचार करत होतो.

हसलीस ना? हस बाई. तू लग्न करून त्यांच्यात गेलीस तेव्हा घरात तुझं नाव काढायचं नाही असा फतवा ज्याने काढला, तोच हा. बाबा नुसते आठवडाभर चिडून गप्प होते. आरडाओरडा सगळा माझा होता.

झालं असं की आमच्याकडे एक म्हातारे शिंपी आले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. दवाखान्यामागच्या गल्लीत छोटी मशीद आहे, तिथे बांग तेच देतात, आणि कानाने जवळजवळ ठार. मी कानात ऐकायचं मशीन बसवलं आणि म्हटलं, काहीतरी बोलून बघा. त्यांनी तिथेच खुर्चीत बसून हळू आवाजात बांग म्हटली आणि त्यांचा चेहरा पडला.

"साहेब, मी इतका बेसूर? आणि एवढ्या वर्षांत एकानेही सांगितलं नाही?"

"सांगितलं असेल चाचा. तुम्हाला ऐकू आलं नसेल."

आम्ही दोघे पोट धरून हसलो. मी किती दिवसांनी हसलो ते मलाच आठवेना. मशीन तिथे नीट चालतं का बघायला म्हणून मशिदीत गेलो आणि मग जातच राहिलो. शेवटच्या रांगेच्या मागे, भिंतीला टेकून बसायचो. पंचरवाला, फळवाला, बँकेतला साहेब, सगळे एकदम वाकायचे, कपाळ टेकवायचे आणि एकदम उठायचे. मला त्यांच्या देवाचा नाही, त्या उठण्याचा हेवा वाटला. उठून पुढे काय करायचं ते त्यांना माहीत होतं.

चार महिने गेलो. पुस्तकं वाचली. एक दिवस चाचांनी मला रांगेत ओढलं. मी सगळ्यांबरोबर वाकलो, ओठ हलवले. आणि तेव्हाच मला आमचे काही पेशंट आठवले. बूथमधली शांतता त्यांना सोसत नाही, लाज वाटते, म्हणून आवाज आला नसतानाही ते बटण दाबतात. बाहेर आले की विचारतात, बरं झालं ना सगळं? आम्ही रिपोर्टवर लिहितो, उत्तरं भरवशाची नाहीत. कपाळ चटईला टेकवून मी तेच करत होतो. तरीही जात राहिलो, कारण संध्याकाळी दुसरीकडे कुठे जायचं हा प्रश्नच होता.

शेवटी तिथल्या मौलवींना भेटलो. दिवसा ते शाळेत गणित शिकवतात, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. मी विचारलं, इस्लाम कबूल केला की आधीचं सगळं धुतलं जातं म्हणतात, ते खरं का?

"खरं."

"सगळं?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाले, "अल्लाहचा जो अपराध केलात, तो अल्लाह माफ करेल. माणसाचं वाईट केलं असेल, तर त्या माणसाकडेच जावं लागतं. तिथे मी काही करू शकत नाही." मग विचारलं, "असं कुणी आहे का?"

मी म्हटलं, नाही. आणि चहा न पिताच उठलो.

ताई, आता पुढचं सलग लिहितो. थांबलो तर होणार नाही.

अकरा वर्षांपूर्वी तुझा तो फोन आला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. अर्धांगाच्या झटक्याने बाबांचं बोलणं आणि उजवी बाजू गेली त्याला दोन वर्षं झाली होती. ऐकणं मशीनवर. मी त्यांची नखं कापत होतो. तू म्हणालीस, "त्यांना बोलता येत नाही ना, नको बोलू देत. मी विचारते. त्यांनी नुसती मान हलवली तरी मला सांग, मी तशीच निघते." मी बरं म्हटलं. फोन त्यांच्या कानाशी नेताना मशीन सरळ केल्यासारखं केलं आणि अंगठ्याने त्याची कळ खाली ओढली. बंद मशीन कानात म्हणजे नुसतं बूच. एक सेकंद लागला. माझ्या सबंध नोकरीत इतकं सफाईदार काम मी दुसरं केलेलं नाही.

तू मोठ्याने बोलत होतीस, फोनबाहेर मलाही ऐकू येत होतं, आणि बाबा माझ्याकडे बघत होते. मान हलली नाही. मी फोन घेऊन तुला सांगितलं, नाही हलवली. महिन्याने तुझं पत्र आलं, "खरंच नाही हलवली?" मी कार्डावर लिहिलं, नाही. दोन्ही वेळा मी खरंच बोललो होतो, आणि अकरा वर्षं त्याच्याच आधाराने उभा आहे.

तुझ्यामुळे माझं ठरलेलं लग्न मोडलं, तो राग होता, असं मी स्वतःला सांगत आलो. तो राग केव्हाच विझला होता. खरं कारण फार हलकं आहे. दोन वर्षं मी त्यांचं हगणं-मुतणं काढत होतो आणि ते दाराकडे बघत असायचे. जिन्यात पावलं वाजली की मान वळायची. माझ्यासाठी ती कधी वळली नाही.

फोन ठेवल्यावर मी कळ परत वर केली. बाबांनी डाव्या हाताने मशीन चाचपलं, मग कळ चाचपली. ती हाताने कशी ओळखायची ते मीच त्यांना शिकवलं होतं. माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मग उरलेली नखं कापायला हात पुढे केला. नवव्या दिवशी गेले.

हे पत्र आधी माफी मागायला म्हणून लिहायला घेतलं होतं. मग कळलं, तुझ्याकडून माफी मिळवायची आणि ती घेऊन मौलवींच्या दारात उभं राहायचं, म्हणजे इथेही मी माझंच काम काढून घेत होतो. म्हणून मागत नाही. मशिदीत आता जात नाही. चाचांनी दोनदा विचारलं, मी सांगितलं काम फार आहे. वर कुणी आहे का, मला ठाऊक नाही. मला काही ऐकू आलं नाही. तुला तिथे काय मिळालं ते विचारायचं फार मनात होतं, पण तो हक्क मी घालवला आहे.

तुला समजायला हवं ते एवढंच. त्या दिवशी तू तीनदा म्हणालीस, "बाबा, मी येऊ का?" ते बाबांपर्यंत गेलंच नाही. तुला नाही म्हणणारा मी होतो. बाबा नव्हते.

उत्तर पाठवू नकोस. आलं तर ते उघडायचा धीर मला होणार नाही.

तुझं तिन्ही वेळचं 'येऊ का' एकट्याने ऐकलेला,
छोटू