दादाच्या लग्नातले फटाके

माय, दादाच्या लग्नासाठी तेरखेड्याहून फटाके आणले, त्यांच्या बदल्यात अण्णांनी ज्वारीचं एक पोतं दिलं होतं. त्या साली पीक बरं होतं, पोत्याचं काही वाटलं नाही. पण त्या फटाक्यांपायी खरं काय काय गेलं ते आज मांडतो आहे. तुझा थोरला गेला. तुझ्या हातातला भाकरीचा ताल गेला. आणि पुढं अण्णा असेपर्यंत तू त्यांच्याशी चुलीकडं तोंड करूनच बोललीस. एवढ्याला पडले ते.

दादा आठवतो तो चुलीपाशीच. तू काठवटीत भाकरी थापते आहेस आणि तो भिंतीला पाठ लावून तुझ्या थापेबरोबर पुढं-मागं डुलतो आहे. नजरेला नजर कधी मिळवायचा नाही. कुणी ‘काय रं, जेवला का?’ म्हटलं की तोही ‘जेवला का’ म्हणायचा, आणि लोक पोट धरून हसायचे. हलगी वाजली की कान दाबून कणगीमागं. अंगाला हात लागला की किंचाळायचा. गावानं त्याला खुळा ठरवलं होतं. तुझ्या माहेरचे मामा कानडीत ‘हुच्च’ म्हणायचे. अण्णा काहीच म्हणायचे नाहीत, फक्त पाहुणे आले की त्याला गोठ्यात बसवायचे. एकटी तू म्हणायचीस, “त्येला आवाज रुततो. आपल्याला काटा रुततो तसा.”

माझे कान नेमके त्याच्या उलट. आवाज म्हणजे माझी चैन. या कानांवरच मी पुढं वाशीच्या बाजारात आडत उभी केली. ज्वारी मापात ओतली की ओली का वाळली ते न बघता सांगतो. पाठीमागं कोण खोकलं ते मान न वळवता ओळखतो. एकदा ऐकलेला आवाज मी विसरत नाही, असं बाजारात सगळे म्हणतात, आणि खरं सांगू का, ते मीच पसरवलेलं आहे.

लगीन करा, पोरगं ताळ्यावर येईल, हा सल्ला सगळ्यांचाच. मामांचा, शेजाऱ्यांचा, तुझ्या नणंदांचा. बेंबळीची मुलगी ठरली. तू अण्णांना एवढंच म्हणालीस, “वाजाप नको. गुपचूप अक्षता टाका.” अण्णा म्हणाले, “मग लोक म्हणतील, काय तरी झाकायलेत.” झाकायचं होतंच, म्हणून तर ते मोठ्यानं वाजवायचं होतं.

परण्याची मिरवणूक निघाली. दादा घोड्यावर, मारुतीच्या दर्शनाला. डोक्याला बाशिंग, कानांत तू सकाळी कोंबलेला कापूस. अर्ध्या वाटेपर्यंत तो तसाच, घोड्याच्या आयाळीत बोटं घालून, ओठ घट्ट मिटून. मग पहिली माळ तडतडली. घोडा थांबला, दादा नाही थांबला. खाली उडी टाकून मोकळ्या रानातून, ढेकळांतून, बाशिंगासकट पळत सुटला. कुणीतरी ओरडलं, “आरं, नवरदेवाला परसाकडं लागली!” सगळा परण्या हसला. मीही असेन त्यात, गर्दीतलं हसू वेगळं काढता येत नाही.

मुलीचा चुलता मांडवात उभा राहिला. “हळद लागल्याली पोर आमी घरात ठिवणार न्हाय. धाकटा हाय की उभा!” अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. बाशिंग दादाबरोबर गेलेलं, म्हणून माझ्या डोक्याला आंब्याची डहाळी बांधली आणि अक्षता पडल्या. तुझी सून चांगली निघाली, माय. पुष्कळ वर्षांनी दादाबद्दल मला म्हणाली, “त्येंचा मला कधी राग आला न्हाय. त्या दिशी मला बी पळावं वाटत हुतं.”

दादा सापडला तो महिन्याभरानं, दोन गावं ओलांडून, एका दर्ग्यात. तू आणि मी, आपण दोघं गेलो. चिंचेखाली बसला होता. मनगटांवर बाया-माणसांनी गंडे बांधलेले. एक बाई तान्ह्या पोराचं डोकं त्याच्या पायावर घासत होती आणि तो डोळे मिटून थरथरत होता. दर्ग्याचा मुजावर भला माणूस, त्यानं आपल्याला पाणी दिलं. तू म्हणालीस, “बाबा, माझ्या लेकराला देव करू नका. त्येला हात लावलेला सोसत न्हाय.” तो म्हणाला, “माँजी, तुमारे गाँव में हँसते, यहाँ पाँव पडते. कौनसा बुरा?”  

तू तिथंच तीन दगड मांडलेस, मुजावराच्या घरून पीठ मागितलंस आणि भाकरी थापायला लागलीस. गर्दीतून उठून दादा आला आणि तुझ्याजवळ बसून डुलायला लागला. तो सुकला होता. गार अन्न तो खायचा नाही, आणि देवापुढं ठेवतात ते गारच असतं. घरी आल्यावर तू अण्णांना म्हणालीस, “आणा त्येला.” अण्णा म्हणाले, “आपल्या पोरीची ठरल्याली सोयरीक तुटंल. ऱ्हाऊ दे तिथंच, मान तरी हाय.”

मग रझाकारांची धामधूम झाली, रस्ते बंद पडले, पोलीस ॲक्शन झाली. आपण पुन्हा गेलो तेव्हा चिंच होती. मुजावराच्या दाराला कुलूप होतं. दादाचं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानंतर रोज संध्याकाळी तू काठवट दारात घेऊन बसायचीस आणि उगाच जोरानं थापायचीस. भाकरी फाटायची. तू पुन्हा थापायचीस.

आता तुझा पणतू, माझ्या लेकाचा पोरगा, तसाच आहे. पुण्यात डॉक्टरांनी त्याला ‘स्वमग्न’ म्हटलं. शब्द सोज्वळ आहे, हुच्चपेक्षा बरा. पण शाळेनं सांगितलं, बाकीच्या मुलांना त्रास होतो, दुसरीकडं बघा. दुसरीकडंही तेच सांगितलं. नात्यातल्या लग्नांना तुझी नातसून हल्ली एकटीच जाते, तुझा नातू पोराजवळ घरी थांबतो. गोठ्याऐवजी फ्लॅट, एवढाच फरक मला दिसतो.

तू होतीस तेव्हाही तुला वाचता येत नव्हतं, आणि हे दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं असं नाही. हा कागद माझ्या कोटाच्या खिशात राहील.

परवा तुझ्या नातसुनेला मी चुलीपाशी डुलणाऱ्या दादाची गोष्ट सांगितली. तिचं पोर अजून एक शब्द बोललेलं नाही. तिनं विचारलं, “आबा, त्यांचा आवाज कसा होता हो?” मी आठवत बसलो. अण्णांचा खोकला आला. मुजावराचं ‘माँजी’ आलं. तुझ्या बांगड्या काठवटीला लागायच्या, त्याही आल्या. दादाचा आवाज मला आठवत नाही.