झोळीत टाकलेल्या फाइली

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस फार आनंदात गेला. बोरिवलीच्या शाळेत बावीस वर्षे संगणक शिकवल्यावर आता नाहूरचे हे पुनर्विकास कार्यालय. पहिला मजला, सहा संगणक, एक उत्तम स्कॅनर आणि दाराशी रहिवाशांसाठी लांब लाकडी बाक. मागची दोनशे बारा खोल्यांची चाळ पाडून तिथे टॉवर व्हायचा आहे. रहिवाशांची जुनी कागदपत्रे संगणकात नीट लावणे, हे माझे काम.

साहेब, म्हणजे चंद्रप्रकाशसर, मृदू बोलतात. बाकाजवळची भेटवही सांभाळणाऱ्या लवूदादांनी स्वतःच्या डब्यातले घावन दिले आणि नव्या बाईंचा निभाव लागतो का ते बघूया, म्हणून हसले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज एक फार सुरेख गोष्ट सापडली. ती क्रमाने मांडते.

इथल्या फाइली वीस वर्षांत वीस प्रकारांनी तयार झाल्या आहेत. जुन्या मराठी फाँटमधली फाइल नेहमीसारखी उघडली, तर माणसाच्या नावाच्या जागी टक्क्यांची चिन्हे आणि कंस दिसतात. यावर उपाय म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा चौकोन आहे. कार्यालयात त्याला झोळी म्हणतात. फाइल माउसने धरावी, ओढत आणावी, झोळीवर सोडावी. कोणत्या प्रोग्रॅमची, कोणत्या फाँटची, हे झोळी स्वतः ओळखते आणि फाइल स्वच्छ मराठीत उघडते. इतका छोटा प्रोग्रॅम आणि इतके नेमके काम! शाळेत असता तर मुलांना आठवडाभर हाच धडा दिला असता.

मी सहाही संगणकांवर अशी सोय केली, की फाइलवर दोनदा क्लिक केले तरी ती झोळीतूनच उघडेल. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. लवूदादा मात्र मान हलवत म्हणाले, की बाईनू, तिका जास्त लाडावू नका.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

खोली क्रमांक सत्तेचाळीसच्या शकुमावशी आल्या. जिन्यातूनच आवाज. तुझ्या साहेबाला सांग गं बाई, आधी नव्या घराचा कागद दाखव, मग पेन दे. सही करून रस्त्यावर झोपायला मी काही येडी नाही. मग पिशवीतून तीस वर्षांचे रेशनकार्ड काढून माझ्या हातात दिले. उंदरांनी एक कोपरा खाल्लाय, उरलेलं तुझ्या मशिनीत ठेव, तू मास्तरीण दिसतेस, तू हरवणार नाहीस. मी ते जपून स्कॅन केले. उघडून दाखवायला वेळ मिळाला नाही.

बाकावर आज नऊ माणसे होती. हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, कोणी कोणाशी बोलत नव्हते. खोली एकतीसचे देवदत्तकाका त्यांतलेच. त्यांची मुलगी दिशा त्यांना घरी न्यायला आली. बाबा, चला ना, जेवायचं नाही का, म्हणून ती विनवत राहिली. काकांनी तिच्याकडे पाहिले आणि शांतपणे सांगितले, की ही सदस्य क्रमांक तीन, फाइलीतल्या कुटुंबाच्या यादीत असते तसे. नंतर साहेबांनी पेन दिले आणि काकांनी चाळ सोडण्याच्या संमतिपत्रावर सही केली.

ती पोर भर कार्यालयात रडली. साहेबांनी तिला पाण्याचा ग्लास दिला. मला त्या ग्लासाचाच संताप आला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काकांची फाइल मी आदल्याच दिवशी झोळीतून उघडली होती; पण अनुमान नको, पुरावा हवा. उघडलेल्या प्रत्येक फाइलची वेळ आणि आतले नाव झोळी लिहून ठेवते. ती यादी मी छापली आणि लवूदादांच्या भेटवहीशेजारी ठेवून एकेक नाव ताडून पाहिले.

ज्याची फाइल झोळीतून उघडली, तो दुसऱ्या सकाळी बाकावर. अपवाद एकही नाही. पूर्वी दिवसाला एक-दोन माणसे येत. माझ्या सोयीनंतर — नऊ, अकरा, चौदा.

माझ्या सोयीनंतर!

साहेबांना जाब विचारला. ते चहा ढवळत राहिले. म्हणाले, की फाइल उघडली की माणूस अडून बसत नाही. यात कुणाला काही दुखत नाही. आणि तुमच्यामुळे कामाला केवढा वेग आला, मॅडम! मी त्यांना नालायक म्हटले. शाळेत उभ्या आयुष्यात हा शब्द वापरला नव्हता.

लवूदादा खाली मान घालून म्हणाले, की माका ठावक होता. मग इतके दिवस गप्प का बसलात? मी ओरडले. त्यांनी भेटवही मिटली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आजची नोंद लिहिते आहे. रागाने. स्वतःवरच्या.

सकाळी येताच ठरवले — आधी मावशींची फाइल पुसायची, मग दोनदा क्लिकची ती सोय काढायची. फाइलींना नावे नाहीत, नुसते आकडे. पुसण्याआधी उघडून खात्री करावी, हे बावीस वर्षे फळ्यावर लिहिले मी. खात्री केली. दोनदा क्लिक केले.

उंदराने खाल्लेला तो कोपरा किती स्वच्छ दिसला पडद्यावर.

मूर्ख बाई. मूर्ख, शिस्तीची बाई.

लगेच बंद केली. पुसली. सहाही संगणकांवरून झोळी काढून टाकली. दुपारी ती पुन्हा पडद्याच्या कोपऱ्यात होती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

साडेदहा. मावशी आल्या. जिन्यात आवाज नाही. बाकावर बसल्या. नाव विचारले — सांगितले. खोली — सांगितली. मावशी, मी, मास्तरीण — उत्तर नाही. अर्जात तो रकाना नाही.

साहेब बारा वाजता संमतिपत्र आणणार.

पायरीपायरीने विचार. प्रोग्रॅम हीसुद्धा शेवटी फाइलच. मग झोळीची फाइल झोळीवरच टाकते. बघू दे तिलाही, उघडे पडणे म्हणजे काय ते.

टाकली.

मावशी उठल्या! डोळे चोळून विचारतात, की मला कुणी बसवलं गं इथं, घरी डाळ चुलीवर आहे! बाकावरचे सगळेच उठले — सहीनंतरही रोज येऊन बसणारे देवदत्तकाका दिशाला फोन लावताहेत — मावशींना अक्षरशः ढकलले मी दाराबाहेर — सही नाही, कुठेच नाही — जिन्यातून शिव्या येताहेत, साहेबांना, मला. ऐकत राहावेसे वाटते.

पडद्यावर एक खिडकी उघडी राहिली आहे. पांढरी.

तिच्यात ही नोंद. हीच. माझ्या अक्षरात. झोळीने आता मलाच उघडले आहे. मी लिहिते त्याच्या एक शब्द पुढे —

पेन ठेवायचे आहे. बोटे सुटत नाहीत. साहेब दारात उभे. हसतात. हसा, मावशी गेल्या, त्या तुमच्या हाती —

पुढचा शब्द आला खिडकीत. तो माझा नाही. तो मी लिहिणार नाही. बोटे मोडली तरी लिहिणार ना