सहा हप्ते सामान्य माणसाला

५ जुलै २००५
मुलींना खो-खोत खांबावरून कसं वळायचं ते स्वतः करून दाखवलं. गुडघा अडकला. सरळ होईना, वाकेना. खांब तिरपा रोवलेला आहे, हे मी मागेच म्हणालो होतो. चार मुलींनी उचलून वर्गात नेलं. हेडमास्तर म्हणाले, "सर, आता दाखवणं बंद करा, नुसतं सांगत जा." जळतात. त्रेचाळीस म्हणजे काही वय नाही.

१२ जुलै
नांदेड. एमआरआय. हाडावरच्या गादीला रुपयाएवढा खड्डा. पूर्वी म्हणे गुडघा उघडावा लागे. आता दोन भोकं, एकातून दुर्बीण, दुसऱ्यातून अवजार. खड्ड्यात हाडाला बारीक टोचे मारायचे, रक्त येऊन गोठतं, त्यातून नवी गादी धरते. बीपी जास्त निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "घाबरलात का?" एसटी फार आदळली, म्हणून सांगितलं.

२० जुलै
ऑपरेशन झालं. बाहेरच्या बाकावर पंचफुला नावाची बाई होती, कळमनुरीकडची. शेळीमागं धावताना बांधावरून पडली. तोच गुडघा, तेच ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, सहा हप्ते पाय टेकवायचा नाही, नवी गादी फार नाजूक असते. बाईनं बोटांच्या पेरांवर हप्ते मोजले. अडाणी माणसं सगळं शब्दशः घेतात.
कमरेतून भूल. टीव्हीवर माझा गुडघा आतून पाहिला. पांढराशुभ्र. खेळाडूचा गुडघा. भूल देताना मी ओरडलो असं माझी बायको पद्मा म्हणते. ते दुसरं कोणी असेल.

२३ जुलै
घरी. काखेत कुबड्या. सहा हप्ते सामान्य माणसाला. मी तीन धरतो.

२ ऑगस्ट
माझे पीटीचे तास रतनसिंग सरांना दिले. गणिताचे! खिडकीतून मैदान दिसतं. गडी स्वतः काहीच करून दाखवत नाही. लिंबाखाली शिट्टी घेऊन बसतो आणि मुलींनाच विचारतो, तुमचं काय चुकतंय? याला काय कोचिंग म्हणतात? टीम बुडाली.

९ ऑगस्ट
सराव चालू. पलंग ते चूल, बिनकुबडीचा. पद्मानं पाहिलं. "काहून पाय टेकवून राहिले? डॉक्टरनं काय सांगितलं व्हतं?" तिला रक्ताभिसरण समजावून सांगितलं. ती म्हणाली, "तुमाला गुडघ्यापरीस ते मैदान मोठं." उत्तर देणार होतो, पण भात करपत होता.

१५ ऑगस्ट
कुबड्या घरी. लेफ्ट-राइट करत झेंड्यापर्यंत. सगळं गाव बघत होतं. रतनसिंग सर खुर्ची घेऊन धावले. हातानंच परत पाठवलं. कार्यक्रमानंतर मुलींना खांबाचे तीन राउंड दाखवायचं ठरवलं. दुसऱ्यात आत कट् असं वाजलं. तिसरा वेळेअभावी रद्द. टाळ्या पडल्या.

१६ ऑगस्ट
गुडघा कलिंगडाएवढा. हवा दमट आहे.

३१ ऑगस्ट
तपासणी. डॉक्टर म्हणाले, "पाय टेकवला होता का?" मी म्हणालो, अजिबात नाही. पद्मा म्हणाली, "परेड केली यांनी पंधरा ऑगस्टला. वरून खांबाला गिरक्या." वीस वर्षांचा संसार, आणि हे.
पंचफुलाबाईला आज निम्मा भार द्यायची परवानगी मिळाली. "लई तकलीफ झाली गुरुजी. शेळ्या मला हाका मारून राहिल्या अन् मी आपली बाजेवर." सगळं सुनांनी केलं म्हणे. मोठ्या मनानं अभिनंदन केलं. तिची केस सोपी होती.

१७ ऑक्टोबर
हिंगोलीत आमच्या मुली जिल्ह्यात पहिल्या आल्या. मी गेलो नाही. एसटीच्या पायऱ्या फार उंच करून ठेवल्यात. रतनसिंग सर ढाल घेऊन घरी आले, माझ्या मांडीवर ठेवली. "सर, पाया तुमचाच." तथ्य आहे, म्हणून मी मान्य केलं. पद्मा पाणी आणायला आत गेली ती लवकर आलीच नाही.

९ डिसेंबर
नांदेड. लिफ्ट बंद. जिन्यात पंचफुलाबाई भेटली. कठडा न धरता चढत होती. मला पाहून परत दोन पायऱ्या उतरली आणि माझं कोपर धरलं.
नवी गादी उखडली आहे. खड्डा वाढला, समोरचं हाडही घासलं. डॉक्टर म्हणाले, "दोन भोकांत भागलं असतं. आता टोचून उपयोग नाही. पुढं-मागं सांधाच बदलावा लागेल. तोवर पळणं बंद, मांडी घालणं बंद." मी विचारलं, हे सामान्य माणसासाठी ना? ते म्हणाले, "तुमच्यासाठी."
परतीच्या एसटीत पद्मानं माझा पाय उचलून स्वतःच्या पिशवीवर ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२६ जानेवारी २००६
ध्वजारोहण. मला पाहुण्यांच्या रांगेत खुर्ची दिली. मान आहे. राष्ट्रगीत सुरू झालं, सगळे उठले. मीही उठायला लागलो. पूर्ण उभा राहिलो तेव्हा गीत संपलं होतं. सगळे बसले. उभा मी एकटाच. हेडमास्तरांना वाटलं, मला दोन शब्द बोलायचेत. माईक हातात दिला. समोर मुली, सगळ्या माझ्याकडं बघताहेत. बसताही येईना.
मागून रतनसिंग सरांनी काखेत हात घालून हळूच बसवलं. कानात म्हणाले, "सर, पुढच्या टायमाला आधीच उठवतो."