सातशे घोड्यांचा खुलासा

सन्मित्र विष्णुपंत यांस,

सांगलीहून आप्पासोचा सप्रेम नमस्कार. साताऱ्याच्या थंडीत आपला गुडघा कसा आहे ते कळवावे. माझी प्रकृती ठीक आहे. झोप मात्र नाही. आपण सुचवलेल्या साताऱ्याच्या स्थळाची मंडळी रविवारी आमच्या अपूर्वाला पाहून गेली आणि अद्याप त्यांचा निरोप नाही. त्याचे कारण माझ्याकडूनच कळलेले बरे.

पोहे होईपर्यंत मुलगा चि. मुकुल सारखा घड्याळ पाहत होता. विचारले, तर म्हणाला, संध्याकाळी टीव्हीवर रेस आहे, ती मी चुकवत नाही. आता रेस म्हणजे घोडे आणि घोडे म्हणजे पैज, ही व्याप्ती मला (पुण्याच्या रेसपायी बुडालेली दोन घरे ठाऊक असल्याने) निरपवाद वाटत होती. तरीही घाईने निष्कर्ष नको म्हणून मी शांतपणे विचारले, घोडे किती असतात? मुलगा खुलून म्हणाला, “एकेका गाडीत सातशे.”

याहून स्वच्छ पुरावा कोणता असू शकतो? जुगारी माणसास मुलगी देणे का अनुचित, हे मी न्यायशास्त्राच्या पाचही अवयवांत, म्हणजे पायऱ्यांत, मांडले. (पाचव्या अवयवाच्या वेळी अपूर्वा बशा घेऊन दारात उभी होती.) मग मुलाच्या आजी रंगूबाई म्हणाल्या, “आवं आप्पासो, मोटारीच्या शर्यती हायत त्या. आमच्या हिरीवर पाच घोड्यांची मोटार हाय, म्हून काय तिथं घोडं बांधल्यात व्हय?”

हसण्यावारी गेले असते. मी मात्र म्हणालो, आधार चुकला तरी अनुमानाची रचना निर्दोष होती. मंडळी उठली.

तेव्हापासून मी वाचनालयात या शर्यतींचा अभ्यास करत आहे. जागतिक स्पर्धा १९५० साली इंग्लंडात सिल्व्हरस्टोनला सुरू झाली. इटलीतील मोंझाचा ट्रॅक त्याहून जुना. मोनॅकोत तर भर शहरातून, म्हणजे आमच्या मारुती रोडवरून पळवाव्यात तशा, मोटारी पळवतात. आजवर किती चालक दगावले हे वाचून नवीच धास्ती बसली आहे. मुलगा स्वतः स्कूटर कशी चालवतो, हे विचारायचे राहिले. (आपण सहज विचारून पाहावे.)

सौ. वहिनींस नमस्कार.

आपला,
आप्पासो

ता. क. अपूर्वाने पत्र वाचून विचारले, “आप्पा, यात माफी कुठंय?” पुन्हा तपासले. नाही. मुलगा तिला पसंत आहे, हेही तिने आत्ताच सांगितले.

आणखी ता. क. गुरुवारी मीच साताऱ्यास येतो. आपण त्यांच्या दारापर्यंत सोबत यावे. आत मी बोलेन. (अपूर्वा म्हणते, बोलू नये.)